मदत हवी आहे: वारशात आलेली ठासणीची बंदूक, ओळखायची कशी आणि गंज काढावा का?

अर्धवट_उजेड
नमस्कार मंडळी. बंदुकांमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच कबूल करतो. मामांना जुन्या वस्तूंचा नाद होता. घड्याळं, कुलुपं, दुर्बिणी आणि दोन हत्यारं. मामा गेल्या वर्षी गेले आणि ही दोन हत्यारं माझ्याकडे द्यावीत असं ते लिहून गेलेत. कागद माझ्या नावावर व्हायचं काम चालू आहे, तोवर दोन्ही नग मामींकडेच कपाटात आहेत. मी जाऊन बघून येतो, एवढंच.

पहिला नग लांब बंदूक. एकूण लांबी टेपने १४० सें.मी., नुसती नळी ९९. नळी लाकडाला तीन लोखंडी कड्यांनी बांधलेली आहे. दस्त्याची टाच आणि चापाभोवतीची कमान पितळी. उजव्या बाजूच्या लॉकच्या (घोड्याच्या यंत्रणेच्या) पट्टीवर मुकुट, त्याखाली 'व्ही आर', पुढच्या अंगाला '१८५९' आणि 'टॉवर'. घोडा नीट चालतो, टक टक करून पाहिला. नळीच्या बुडाशी बारीक ठसे आहेत. दोन काठ्या फुलीसारख्या, वर मुकुट. मोबाइलचा उजेड पाडून नळीत डोकावलो तर आत गंजच गंज.

दुसरा नग चकमकीचं पिस्तूल. त्यावरही मुकुट, 'व्ही आर' आणि '१९१२'.

प्रश्न असे:
१. हे नक्की काय आहे? 'टॉवर' म्हणजे टॉवर ऑफ लंडनमध्ये बनलेली का?
२. अस्सल की शोभेची?
३. गंज कसा काढू? लाकूडही कोरडं पडलंय.

किंमत विचारत नाहीये, विकायची नाही.

रिकामटेकडा
गंजाला कोला. रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी चकाचक. माझ्या सायकलची चेन अशीच नवी झाली.

मेणकापड
रिकामटेकडे, सायकलची चेन दीडशे वर्षं जुनी नव्हती हो! कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं. ते गंज खातं आणि मग पोलादही खातं. धाग्याला उत्तर सवडीने देते, पण उजेडराव, तोवर कशालाही हात लावू नका.

ठासणीवाला
पिस्तुलाचा निकाल आधी लावतो, कारण तो सोपा आहे. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना, म्हणजे राणी व्हिक्टोरिया. बाई जानेवारी १९०१ मध्ये वारल्या. १९१२ ला त्यांच्या नावाचा शिक्का कोण मारणार? शिवाय चकमकीचा जमाना १८४० च्या आसपासच संपत आला होता, तेव्हा कॅपच्या बंदुका सैन्यात आल्या. वायव्य सरहद्दीकडच्या कारागिरांनी इंग्रजी ठशांची नक्कल करताना असे घोळ भरपूर घातले. अक्षरांत कुठे इंग्रजी 'एन' उलटा आहे का बघा, ती त्यांची लाडकी चूक. नंतर शोभेसाठी बनवणाऱ्यांनीही हेच ठसे उचलले. ठसा खोल, कडेला किंचित उचललेला असेल तर तो ठोकलेला. कडा गोल, बुळबुळीत असतील तर ओतीव नक्कल असण्याचा संशय घ्यावा. पण 'नक्कल आहे' याचा अर्थ 'उडत नाही' असा होत नाही. सरहद्दीची पिस्तुलं उडतात.

आता लांब बंदूक. ही चकमकीची नाही, कॅपची. घोडा ज्या बोंडीवर पडतो तिला निपल म्हणतात, त्यावर तांब्याची कॅप बसवायची, म्हणजे घोडा पडला की ठिणगी उडणारी टोपी. तीन कडी, ९९ सें.मी. नळी, म्हणजे ३९ इंच. आकाराने ही ब्रिटिश सैन्याच्या १८५३ च्या एनफिल्ड रायफलीच्या घराण्यातली. हो, तीच, जिच्या काडतुसांवरून १८५७ ला आग लागली. 'टॉवर' म्हणजे ती टॉवर ऑफ लंडनमध्ये बनली असं नव्हे. सरकारी कारखान्यात बनलेल्यांवर 'एनफिल्ड' लिहिलेलं असतं. 'टॉवर'वाल्या बहुतेक खाजगी ठेकेदारांच्या.

मला तुमच्याकडून चार गोष्टी हव्यात:

– नळीच्या तोंडाचा आतला व्यास व्हर्नियरने. फूटपट्टीने नको.
– नेम धरायची मागची माशी कशी आहे? शिडीसारखी उभी करता येते की नुसता ठोकळा?
– फुलीच्या फटींत बी, पी, सी ही अक्षरं आहेत का? असतील तर ती बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसची, म्हणजे नळ्या तपासून ठसा मारणाऱ्या संस्थेची, नागरी खूण. ते १८१३ पासून चालू आहे.
– कुठे बाणाचं टोक कोरलंय का? एकच असेल तर सरकारी मालकी. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सैन्यातून काढून विकलेली.

आणि एक पाचवी, जी खरं तर पहिली. नळी रिकामी आहे हे तपासलंत का? नळीत डोकावलो, घोडा टक टक केला, हे वाचून माझा चहा थंड झाला.

अर्धवट_उजेड
ठासणीवाले, बाण एक सापडला, लॉकच्या पट्टीवर. बी पी सी काही दिसत नाही. मागची माशी नुसता ठोकळा, हलत नाही. व्यास तीनदा मोजला: १६.७, १६.७, १६.८ मि.मी. आणि आतून नळी गुळगुळीत वाटली, रायफलीसारखे पेच (गोल फिरत जाणाऱ्या खाचा) दिसले नाहीत. की गंजाने भरलेत?

नळी रिकामी असणारच ना? दीडशे वर्षं झाली.

आणि एक कबुली. मेणकापड यांनी थांबा म्हणायच्या आधीच लॉकच्या पट्टीच्या मागच्या टोकाला सॅंडपेपर मारून पाहिला होता. अर्धा इंचच. आता तेवढा तुकडा आरशासारखा चमकतोय आणि बाकीची पट्टी काळपट. लाज वाटतेय.

ठासणीवाला
व्यास वाचून खुर्चीतून उठलो!

साधी १८५३ ची एनफिल्ड ०.५७७ इंचाची, म्हणजे १४.७ मि.मी. तुमची १६.७, म्हणजे ०.६५६ इंच. हा गंजाने झिजलेला फरक नाही, दोन मि.मी. गंज खात नाही. ही मुद्दाम मोठी केलेली सपाट नळी आहे. १८५७ नंतर सरकारला हिंदी शिपायांच्या हातात रायफल नको होती. म्हणून बाहेरून एनफिल्ड, आतून पेच नसलेली, अशी बंदूक काढली. पेच नाहीत म्हणजे लांबचा नेम नाही, मग शिडीची माशी कशाला? म्हणून ठोकळा. तुमचे तिन्ही पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात. साल १८५९ पण जुळतं.

माझ्या मते ही अस्सल आहे. वर्णनावरून आणि मापांवरून यापुढे मी जाणार नाही, प्रत्यक्ष बघणाऱ्याचा शब्द शेवटचा.

सॅंडपेपरबद्दल मेणकापड बोलतीलच. मी नळीबद्दल बोलतो. 'दीडशे वर्षं झाली' हा पुरावा नाही. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. कोरडी राहिली तर ती म्हातारी होत नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात अठराव्या शतकातली एक तोफ होती. २०१३ च्या जानेवारीत साफ करायला घेतली तर आत गोळा आणि जवळजवळ ८०० ग्रॅम दारू निघाली. २००८ मध्ये व्हर्जिनियात अमेरिकन यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना एक जाणता संग्राहक जिवानिशी गेला. नवखा नव्हता तो.

तपासायची पद्धत: घोड्याला हात लावायचा नाही. बंदूक आडवी, तोंड भिंतीकडे, तुम्ही बाजूला. तोंडासमोर शरीराचा कुठलाही भाग नको. लाकडी गोल काठी (लोखंडी गज नको) हलकेच टेकेपर्यंत आत सरकवा, ठोकायची नाही. तोंडापाशी पेन्सिलीने खूण करा. काठी काढून नळीच्या बाहेरून त्याच खुणेवर धरा. टोक निपलच्या खाली यायला हवं. अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे.

कलमबहाद्दर
सगळे गंजात रमलेत म्हणून मी रुक्ष भाग सांगतो. 'अँटिक आहे म्हणजे परवाना नको' हे वाक्य कुठल्याच देशात इतकं सरळ नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार अँटिक. ब्रिटनमध्ये २०२१ पासून बनावटीची तारीख १ सप्टेंबर १९३९ च्या आधीची हवी, शिवाय कुठल्या काडतुसाचं आणि कुठल्या पद्धतीचं तेही बघतात. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ जुनाट नमुन्याच्या किंवा पुराणमूल्य असलेल्या हत्याराला सूट देतं, पण पुढची अट लोक वाचत नाहीत: ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं असलं पाहिजे. घोडा चालणारी, नळी शाबूत असलेली बंदूक त्यात आपोआप बसत नाही. वर १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपुढची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, ते वेगळंच.

धागाकर्त्यांनी नावावर होईपर्यंत नग हलवला नाही हे उत्तम केलं. आणि कोणी 'नळीला भोक पाडून टाका, झंझट मिटेल' म्हणालं तर ऐकू नका. निकामी करण्याचेही नियम असतात, आणि भोक बुजत नाही.

अर्धवट_उजेड
मोजलं. काठी निपलपर्यंत पोचत नाही. पाच सें.मी. अलीकडे थांबते. टेकते तिथे 'टण' आवाज नाही, 'थप' असा येतो.

हात थरथरतायत. मामी म्हणाल्या, कपाटात ठेवण्याआधी वीस वर्षं ही बंदूक दिवाणखान्यात पलंगाच्या डोक्यावर टांगलेली होती.

ठासणीवाला
टण नाही, थप. पाच सें.मी. म्हणजे साधारण एक बार: दारू, कागद, गोळी. कुंभारमाशीचं घरही असू शकतं, तेही मी पाहिलंय. पण आपण बारच समजायचं.

आता काही करू नका. निपल काढायला जाऊ नका, तेल ओतू नका, गरम जागी ठेवू नका, पेचाची सळई घालून ओढू तर मुळीच नका. ज्या दफ्तरात नावावर करायचं काम चालू आहे तिथे कळवा आणि परवाना असलेला गनस्मिथ (बंदुकांचा कारागीर) बोलवा. ठासणीच्या बंदुकांचं काम केलेला हवा. शिकारीच्या रायफली दुरुस्त करणाऱ्याला हे येईलच असं नाही.

रिकामटेकडा
कोला मागे घेतो. 🙏

मेणकापड
नळीचं निस्तरेपर्यंत वाचायला म्हणून लिहून ठेवते.

उजेडराव, अर्ध्या इंचाची लाज वाटू द्या, पण तिथेच थांबा. 'आता एकसारखं दिसावं म्हणून बाकीचंही घासतो' हा सगळ्यात महागात पडणारा विचार. तो काळपट थर म्हणजे घाण नाही, पटिना आहे, वयाने चढलेला थर. ठशांच्या कडा त्यातच जिवंत आहेत, घासलंत की मुकुट, बाण, साल सगळं पुसट होणार. चमकणारा तुकडा मेणाखाली ठेवा, वर्षांनी आपोआप मंद होईल.

गंज दोन जातींचा. काळा-तपकिरी, घट्ट, बोटाला न लागणारा: त्याला सोडा. नारिंगी, भुकटी होणारा: तो जिवंत. त्यावर हलकं तेल, एक दिवस, मग सुती कापड. न निघणारी खपली बांबूच्या काडीने. तारेचा ब्रश, ड्रिलचं चाक, रंगाच्या दुकानातलं गंजनाशक, काही नाही. शेवटी सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात. संग्रहालयात रेनेसाँस वॅक्स वापरतात, ते मूळ ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालं.

लाकडाला जवसाचं तेल चोळायचा सल्ला दहा जण देतील. मी देणार नाही. ते सुकून काळं, चिकट होतं, धूळ धरतं आणि नंतर निघत नाही. तेच मेण लाकडालाही चालतं. पितळेला अमोनिया असलेलं पॉलिश लावू नका. पांढरी भुकटी फटींत बसते आणि जुनं पितळ त्याने तडकू शकतं.

हातमोजे घाला, घामातलं मीठ लोखंडावर बोटांचे ठसे कोरतं. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं कमावण्याची द्रव्यं गंज चढवतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास. लोखंडाला अजून कोरडं आवडेल, पण मग लाकूड तडकेल.

अर्धवट_उजेड
तीन आठवड्यांनी येतोय, क्षमस्व. दफ्तरातून परवानगी मिळाली, एक वयस्क गनस्मिथ घरी आले. आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. दोन तासांनी दार उघडलं तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर काळपट ओला लगदा, कागदाचा बोळा आणि एक शिशाची गोळी.

बारच होता! मामी खुर्चीत बसून राहिल्या, बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'आणि मी रोज तिच्यावरची धूळ झटकत होते.'

पिस्तूल रिकामं निघालं. त्यावरचा 'एन' खरंच उलटा आहे.

ठासणीवाले, गोळी वाटोळी आहे, टोकदार नाही. याला काही अर्थ आहे का? ती जपून ठेवायची तर मामींकडे सागवानी डबी आहे, आत मखमल.

ठासणीवाला
अर्थ आहेच. पेचाच्या एनफिल्डची गोळी लांबट असते. वाटोळी गोळी सपाट नळीत घालतात. भरणाऱ्याला आपल्या हातात काय आहे ते माहीत होतं. गोळीचा व्यास मोजून, फोटोसकट बंदुकीच्या कागदांत लावा.

मेणकापड
सागवानी डबी नको! लाकडातून आम्लाची वाफ निघत राहते, त्याने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि गोळी हळूहळू त्यातच विरते. ती भुकटी विषारी असते. झाकणाची पॉलिथिनची डबी, आत आम्लरहित कागद. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मामींनाही सांगा. मखमलीत दुर्बीण ठेवा.