सासूबाईंसोबत पाहण्याजोग्या परदेशी मालिका सुचवाव्यात

प्रश्न (इंदूर, रामबाग):
माझ्या सासूबाईंना रोजच्या कौटुंबिक मालिकांचा कंटाळा आला असून, इतर देशांतील माणसे कशी जगतात हे त्यांना पाहायचे आहे. केवळ खूनखराब्यावर न चालणाऱ्या मालिका कृपया सुचवाव्यात.

उत्तर (ग्वाल्हेर):
जपानची ‘ओशिन’ अवश्य दाखवा. एनएचके या जपानी वाहिनीने १९८३-८४ मध्ये तिचे १५-१५ मिनिटांचे २९७ भाग दाखवले, त्यामुळे जेवणानंतर रोज एकदोन भाग सहज होतात. तांदळाच्या मोबदल्यात परक्या घरी राबायला निघालेली चिमुरडी ओशिन बर्फाळ नदीतून तराफ्यावरून दूर जाते आणि वडील काठाने धावत राहतात, तो प्रसंग पाहताना भाषा आडवी येत नाही. आमच्या घरी तर सगळ्यांचेच डोळे भरून आले होते.

उत्तर (इंदूर):
सासूबाईंना राजकारणाची आवड असेल, तर डेन्मार्कची ‘बोर्गेन’ पाहा. पंतप्रधान झालेल्या स्त्रीची ही कथा २०१० मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी त्या देशाला खरोखर पहिली महिला पंतप्रधान लाभली. आघाडी सरकारातील खातेवाटपाची ओढाताण त्यांना लगेच ओळखीची वाटेल. डॅनिश संवाद मात्र मूळ आवाजातच ऐकावेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. सासूबाईंना पडद्यावरील इंग्रजी उपशीर्षकांच्या ओळी भराभर वाचता येत नाहीत, म्हणून शेजारी बसून मीच मराठीत सांगत जाईन. सुरुवात ‘ओशिन’ने करू.