उत्तर: सोलापूरच्या सायकलस्वारांसाठी काय करावं? (रॅली की एक चौक)

सचिव, मंडळ

मंडळी, नमस्कार.

सोलापुरातल्या सायकलस्वारांना एकत्र आणून रस्ता सुरक्षेसाठी काहीतरी ठोस करावं, असं परदेशातल्या आपल्या मंडळाच्या बैठकीत ठरलं. आलेला प्रस्ताव असा: १२ जानेवारीला चार हुतात्मा चौकापासून सात रस्त्यापर्यंत रॅली, सोबत ५०० टी-शर्ट आणि ५०० हेल्मेट. ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी मोकळेपणानं लिहावं. पैसे तिकडे कसे पाठवायचे तेही ठरवायचं आहे.

सदस्य, वाहतूक नियोजन

सचिवसाहेब, रॅली नको असं माझं स्पष्ट मत आहे. संक्रांतीच्या आगेमागे गड्ड्यामुळे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेमुळे, शहरातली वाहतूक वळवलेली असते, पोलिसांना तेवढंच काम पुष्कळ होतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे रॅलीला येतात ते हौसेनं सायकल चालवणारे. रोज पोटासाठी पायडल मारणारा कामगार त्या वेळी पाळीवर असतो. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलातून आणि रे नगरातून अक्कलकोट रोडनं शहराकडे येणारी माणसं डोळ्यांसमोर आणा. रे नगरची योजना ३०,००० घरांची आहे. त्यातल्या पहिल्या १५,००० घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. पुढची घरं भरतील तशी या रस्त्यावरची वर्दळ वाढणारच.

म्हणून एकच जागा धरा. कुठे भीती वाटते ते कामगारांनी दाखवावं, तिथल्या वाहनांची मोजणी हौशी मंडळींनी करावी, आणि तिच्या आधारे रस्ता सांभाळणाऱ्या खात्याकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. हे दोन गट एरवी एकमेकांशी बोलत नाहीत, या कामात बोलावंच लागेल.

मोजणीला चार माणसं पुरतात. पाळी सुरू होण्याआधीचा एक तास आणि सुटल्यानंतरचा एक तास, असे तीन दिवस. सुट्टीचा, सणाचा, गड्ड्याचा दिवस घेऊ नका. दर १५ मिनिटांची बेरीज वेगळी लिहा. तासाची एकच बेरीज केली तर पाळी सुटल्यावरची झुंबड त्यात विरून जाते, आणि धोका नेमका त्या झुंबडीत असतो. रकाने पाचच ठेवा: सायकल, दुचाकी, रिक्षा व कार, जड वाहन, पायी. रकाने वाढले की माणूस दमतो आणि अंदाजानं रेघा ओढू लागतो.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. रस्त्याकडेला टेपनं १०० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना चुन्याच्या खुणा करा. पहिल्या खुणेवर एकानं हात खाली करायचा, दुसऱ्या खुणेवर घड्याळवाल्यानं थांबवायचं. ३६० ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात: ९ सेकंद म्हणजे ४०, ६ सेकंद म्हणजे ६०. अंतर ५० मीटर घेऊ नका. घड्याळ दाबताना पाव सेकंद इकडेतिकडे होतोच. ५० मीटरवर ६० च्या वेगाला तीनच सेकंद लागतात, त्यात एवढ्यानं ताशी पाच किलोमीटरची चूक होते. १०० मीटरवर ती निम्मी होते. पुढे रस्ता मोकळा असलेलीच वाहनं धरा, कोणाच्या मागे अडकलेली सोडून द्या. अशी १०० वाहनं झाली की वेग चढत्या क्रमानं लावा आणि ८५ वा आकडा अर्जात लिहा. अभियंते तोच बघतात, सरासरीला फारशी किंमत देत नाहीत. आणि चमकतं जॅकेट घालून रस्त्यालगत उभं राहू नका. चालक पोलीस समजून ब्रेक मारतो आणि सगळी मोजणी फसते.

अर्जात नुसतं 'स्पीडब्रेकर टाका' लिहिलं की कोणीतरी डांबराचा अरुंद उंचवटा करून मोकळा होतो. त्यावर सायकलचं हँडल हातातून निसटतं आणि चुकवायला म्हणून स्वार कडेच्या मातीत जातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या रस्त्यांच्या नियमावलीच्या १९८८ च्या आवृत्तीत गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला होता, ताशी २५ किलोमीटरनं ओलांडण्यासाठी. २०१८ ची सुधारित आवृत्ती बघून माप अर्जात लिहाच. मात्र तो मागायचा मुख्य रस्त्याला मिळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी.

माझ्या मते पहिली मागणी साइडपट्टीची असावी. डांबराची कड आणि बाजूची माती यांत वीतभर खड्डा पडलेला असतो. मागून ट्रकनं हॉर्न दिला की सायकल खाली उतरते. परत वर येताना चाक कडेला घासत जातं, चढत नाही, आणि माणूस रस्त्याच्या बाजूला पडतो, म्हणजे मागच्या ट्रकपुढे. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून कड डांबराच्या पातळीला आणली की हा अपघात टळतो. नुसता मुरूम ओतला तर पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातो. दबाई झाली की नाही हे काम चालू असतानाच बघावं लागतं.

सदस्या, सोलापूर

दादा, साइडपट्टीचं अगदी बरोबर. दोन गोष्टी जोडते.

पत्रक मराठीबरोबर तेलुगूतही छापा. शहराच्या पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगूच बोलतात. सभा हॉलमध्ये ठेवू नका. पाळी सुटताना सायकल स्टँडवर दहा मिनिटं बोललेलं जास्त पोचतं.

दुसरं, हेल्मेटच्या आधी रिफ्लेक्टर टेप लावा. जुन्या सायकलीला डायनामो असला तरी सायकल थांबली की दिवा विझतो, आणि अंधारात उभी सायकल मागून दिसत नाही. पाच सेंटिमीटर रुंदीची टेप घ्यायची. मागच्या मडगार्डवर १० सेंटिमीटर लाल, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर दहा-दहा लाल, पुढच्या चिमट्याच्या दोन्ही पायांवर दहा-दहा पांढरी. एका सायकलला ३० सेंटिमीटर लाल आणि २० पांढरी लागते, म्हणजे ४५ मीटरच्या लाल रोलमध्ये वाया गेलेली धरून १४० सायकली होतात. टेप महिन्याभरात निघते ती तेलामुळे. आधी साबणाच्या पाण्यानं, मग स्पिरिटनं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तुकड्यांचे कोपरे कात्रीनं गोल करा, टोकदार कोपरा आधी उचकटतो. गंजावर लावायची वेळ आली तर पॉलिश पेपर मारून घ्या. त्याच वेळी ब्रेकचे रबर बघा: रबर रिमवरच बसलं पाहिजे, टायरला घासलं तर टायर फाटतो.

उसाच्या हंगामात, दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत, दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागचा दिवा असलाच तर उसाच्या वाढ्यात झाकलेला असतो. त्यांनाही मागून लाल आणि बाजूंना पिवळी टेप लावून द्या, पण ती ट्रॉलीच्या चौकटीवर, खाली. वर लावली तर ऊस भरल्यावर दिसत नाही. ट्रॉली बंद पडली की भोवती दगड मांडतात. ट्रॉली जाते आणि दगड तिथेच राहतात. ते उचलणं एवढं एकच काम एखाद्या गटानं हंगामभर केलं तरी मला फार मोठं वाटेल.

सायकलवाल्यांना एक गोष्ट बजावून सांगा. चौकात ट्रकच्या डाव्या अंगाला थांबू नका. चालक उजवीकडे बसतो, त्याला केबिनजवळची डावी बाजू दिसत नाही. ट्रक डावीकडे वळला की मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून येतं. ट्रकच्या मागेच थांबावं.

खजिनदार, मंडळ

ताई, टेपचा हिशोब मिळाला, आभार. पैशांबद्दल सगळ्यांनी नीट वाचावं. आपलं मंडळ परदेशात नोंदलेलं आहे, त्यामुळे भारतीय कायद्यानं ते परकीय स्रोत ठरतं. एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला किंवा गटाला मंडळाच्या खात्यातून या कामासाठी पैसे पाठवता येणार नाहीत. नोंदणी असेल तरी पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जायला हवेत. ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. ओसीआय कार्डवाल्यांची, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची, मात्र धरली जाते. दोन्ही पैसे एकत्र करू नका.

सदस्य, वाहतूक नियोजन

काका, हे वेळेवर सांगितलंत. मोजणीला पैसे लागतच नाहीत, तेव्हा सुरुवात तिथूनच होऊ दे.

अर्ज रखडतो तो बहुधा चुकीच्या दारात गेल्यामुळे. अक्कलकोटकडे जाणारा मुख्य रस्ता एका खात्याकडे, एमआयडीसीतले आतले रस्ते एमआयडीसीकडे, गल्ल्या महापालिकेकडे, आणि हद्दीबाहेर ग्रामपंचायत. आधी माहिती अधिकारात एवढंच विचारा: अमुक ते अमुक या लांबीची देखभाल कोणाकडे आहे आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो? तो चालू असेल तर दुरुस्ती कंत्राटदारानं स्वखर्चानं करायची असते. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांत. खातं चुकलं तरी कलम ६(३) प्रमाणे त्यांनी पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

उत्तर आलं की मोजणीचे तक्ते, फोटो आणि नकाशा जोडून त्या खात्याला द्या. एक प्रत वाहतूक पोलिसांना, एक जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. खड्ड्याच्या फोटोत मोजपट्टी उभी धरलेली असू द्या. तिच्याशिवाय खोली कळत नाही आणि 'किरकोळ' असा शेरा पडतो.

ताई, मोजणीचा कोरा तक्ता आज रात्री पाठवतो. तेलुगू मथळे तुम्ही तिथल्या कोणाकडून तपासून घ्या.