चाळीतल्या खोलीत ओटीटी: पैसे आधी टीव्हीवर घालायचे की तारेवर?

पोटमाळा
लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीसाठी नवा स्मार्ट टीव्ही घेणं म्हणजे निव्वळ हौस, असं माझं मत. जुन्या टीव्हीला एचडीएमआय पोर्ट असेल तर स्टिक (नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप चालवणारं पेनड्राइव्हसारखं छोटं यंत्र) लावा आणि ₹३९९ वाला ३० एमबीपीएसचा फायबर प्लॅन घ्या. १८ टक्के जीएसटी धरून महिना ₹४७१. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीला ५ आणि ४केला १५ एमबीपीएस मागतं. मग ३० मध्ये एक टीव्ही आणि तीन मोबाइल आरामात चालतात. १०० चा प्लॅन घेऊन करायचंय काय?

स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर मात्र चालवू नका. जुना पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, स्टिकला १ अँपिअर लागतो. मग लोगो येतो, स्क्रीन काळी होते, परत लोगो, आणि लोक स्टिकला शिव्या घालतात. सोबतचा अ‍ॅडॉप्टर भिंतीतल्या प्लगमध्येच लावा.

एकच_रिमोट
हिशेब अर्धाच मांडलात. बारा-पंधरा वर्षांपूर्वीचा, पडद्यामागे बारीक ट्यूबलाइट असलेला एलसीडी ३२ इंचात शंभरेक वॉट खातो, आजचा एलईडी साधारण त्याच्या निम्मे. रोज पाच तास टीव्ही चालला तर महिन्याला सात-आठ युनिटांचा फरक पडतो. शिवाय ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे ४३ इंची घेणाऱ्याला आता फायदा आहे. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर दोन रिमोट, इनपुट बदला, आवाज कुठला कमी करायचा... संध्याकाळची मालिका सुरू होईपर्यंत निम्मी संपते.

पोटमाळा
@एकच_रिमोट, दोन रिमोटांचं म्हणाल तर सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करा. टीव्हीला ती सोय असेल तर स्टिकच्या रिमोटनेच तो चालू-बंद होतो. उलट स्वस्त स्मार्ट टीव्हीत १ जीबी रॅम आणि ८ जीबी जागा, त्यातली निम्मी सिस्टिमनेच खाल्लेली. चार-पाच वर्षांत अ‍ॅपचे अपडेट बंद झाले की पडदा ठणठणीत असूनही शेवटी स्टिकच आणावी लागते. मग पहिल्यापासून का नको?

डेटावाला
फायबर तरी कशाला? फोनचा हॉटस्पॉट आहे ना. आणि नेटफ्लिक्सचा ₹१४९ चा प्लॅन घेतला की झालं.

सज्जातली_तार
दादा, दोन्हीकडे घसरलात. ₹१४९ चा प्लॅन मोबाइल आणि टॅबपुरता आहे, टीव्हीवर चालत नाही. टीव्हीसाठी ₹१९९ चा, तोही ७२० पीपर्यंतच. फुल एचडी ₹४९९ ला. त्यामुळे ₹१९९ वाल्याने ४के स्टिकवर जादा पैसे घालणं फुकट. हॉटस्पॉटचं तर विचारूच नका. फुल एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, रोजचा २ जीबीचा कोटा सिनेमाच्या मध्यंतराआधीच संपेल.

आता मूळ मुद्दा. ही स्टिक की टीव्हीची भांडणं चुकीच्या जागी चालली आहेत. चाळीत व्हिडिओ अडकतो तो बहुतेकदा वायफायमुळे. राउटरच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. एका मजल्यावर वीस राउटर असतील तर तिन्हींवर गर्दीच. त्यात फायबर सज्जातून दारावर येते, म्हणून राउटरही तिथेच, लोखंडी कपाटाच्या मागे. राउटर उघड्यावर घ्या, दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला वेगळं नाव द्या आणि स्टिक त्यालाच जोडा. एका खोलीत ५ उत्तम चालतं, पण आतल्या खोलीपर्यंत जाड विटांची भिंत आडवी असेल तर त्याचं बळ संपतं. तिथे लॅमिंग्टन रोडवरून १५ मीटर कॅट-६, म्हणजे नेटची लॅन तार, आणा आणि ती जोडायला स्टिकला लॅन अ‍ॅडॉप्टर लावा. तो १०० एमबीपीएसचाच असतो, पण ४केलाही पुरून उरतो.

स्टिक टीव्हीच्या पाठीत थेट खुपसू नका, मागचा पत्रा सिग्नल अडवतो. बॉक्समध्ये मिळणारी वीतभर एचडीएमआय वायर त्यासाठीच असते.

एकच_रिमोट
मान्य, पण रात्री ९ ते ११ ला तारेवरही अडकतं, त्याचं काय?

सज्जातली_तार
लॅपटॉप थेट राउटरला लॅनने जोडा आणि दुपारी एकदा, रात्री साडेनऊला एकदा फास्ट डॉट कॉम उघडा. हे नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजतं. रात्री लॅनवरही वेग पडला तर केबलवाल्याची मागची लाइन भरलेली आहे. मग घरातलं काहीही बदलून उपयोग नाही, कंपनी बदला. वार्षिक प्लॅनची सवलत म्हणूनच आधी घेऊ नका, एक महिना बघा. लॅनवर वेग नीट आणि वायफायवर पडला तर दोष घरात.

राउटरवरचा लॉसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकला तर राउटर रिसेट करत बसू नका. फायबर दाराच्या चौकटीत दबली असेल किंवा खिळ्यापाशी करकचून वळवली असेल. कंपनीचा माणूस आला की तारेतल्या प्रकाशाचा जोर मोजणारं मीटर लावायला सांगा. आकडा उणे २७ डीबीएमच्या खाली गेला असेल तर जोड नव्याने मारून घ्या.

डेटावाला
बरं, दीड हजारात अँड्रॉइड बॉक्स मिळतात, सगळं फुकट दाखवतात म्हणे. ते?

पोटमाळा
त्यात बहुधा वाइडवाइन एल१ (चांगल्या दर्जाचा व्हिडिओ दाखवायला लागणारं कॉपीविरोधी संरक्षण) नसतं, त्यामुळे पैसे भरलेलं नेटफ्लिक्ससुद्धा ४८० पीच्या आसपास अडतं, बॉक्सवर ४के लिहिलेलं असलं तरी. आणि जून २०२५ मध्ये एफबीआयने बॅडबॉक्स २.० नावाच्या जाळ्याबद्दल इशारा दिला होता. अशा बिनप्रमाणित बॉक्समध्ये कधी विकायच्या आधीच, कधी सुरुवातीला उतरवलेल्या अ‍ॅपमधून मालवेअर शिरतं आणि तुमच्या घरचं नेट परस्पर दुसऱ्याच्या उद्योगांना वापरलं जातं. त्यावर बँकेचं अ‍ॅप असलेला फोन त्याच वायफायवर.

एकच_रिमोट
इथे मात्र @पोटमाळा शी शंभर टक्के सहमत. ४३ इंचीवरचं माझं म्हणणं तरीही कायम.