बहिणीचं लग्न दीड लाखात, पण 'उरकलं' वाटायला नको

वाईकर_दादा: धाकटीचं लग्न मार्गशीर्षात. दोन्हीकडची मिळून सव्वाशे माणसं, कर्ज काढायचं नाही. कार्यालयवाले नुसतं भाडंच ऐंशी हजार सांगतायत. काय करू?

माई_कऱ्हाड: कार्यालय सोड रे. ग्रामदैवताच्या देवळाचा सभामंडप विचार. आचाऱ्याशी मजुरी ठरव, किराणा आपण भरायचा. मसालेभात, अळूचं फदफदं, मठ्ठा, जिलेबी एवढं बास, पनीर कशाला? आणि बुफे नको, पंगत घाल. वाढायला घरचीच पोरं, आग्रह होतो आणि ताटात टाकूनही कमी जातं. माझ्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं आम्ही जावाजावांनी रचली. शार्दूलविक्रीडित वृत्त, ओळीला १९ अक्षरं, शेवटी 'कुर्यात् सदा मंगलम्'. एका ओळीत तिचं लहानपणी पेरूच्या झाडावरून पडणंही बसवलं! भटजीसुद्धा हसले. लोक अजून तेच काढतात, जेवणाचं कुणी बोलत नाही.

नोंदणीवाला: विशेष विवाह कायदा, १९५४ खाली करणार असाल तर ३० दिवस आधी नोटीस, शिवाय तीन साक्षीदार. मुहूर्त धरून बसलात तर नोटीस आधी द्या. विधीने केलंत तरी नोंदणी कराच.

वाईकर_दादा: माई, मंडप आणि मंगलाष्टकं पक्की. पण मुलाकडच्यांचा मानपान?

माई_कऱ्हाड: बैठकीतच बोलून घे, 'आहेर देणार नाही, घेणार नाही'. पत्रिकेवरही छाप. विहीणबाईंना मात्र एक चांगली साडी घे हो, तिथे काटकसर नको.