क्रॅशनंतर मोटर नुसती थरथरते, रिसीव्हर मधेच बंद पडतोय

उडाणटप्पू:
मंडळी मदत हवीये. रविवारी पुण्याजवळ लोणी काळभोरच्या पुढे मित्राच्या शेतात रिमोटवरचं विमान उडवत होतो, वारा एकदम वाढला आणि विमान थेट शेजारच्या उसात. उसाला नुकतंच पाणी सोडलेलं, नाक पार चिखलात रुतलं. बॉडी डेप्रॉनची (फोमच्या शीटची) आहे, ती हॉट ग्लूने चिकटवली, तिचं टेन्शन नाही. सेटअप म्हणजे २२१२ मापाची १००० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला हजार फेरे) मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), थ्री एस म्हणजे तीन सेलची २२०० एमएएचची लायपो बॅटरी आणि फ्लायस्कायचा सहा चॅनेलवाला रिमोट. बॅटरी लावली की बीप नेहमीसारखे येतात पण थ्रॉटल दिला की मोटर कुरकुरत नुसती थरथरते, हाताने ढकलली तर कधी या बाजूला फिरते कधी त्या. वर एलिव्हेटर (शेपटीची वर-खाली होणारी पट्टी) हलवला की रिसीव्हरचा लाईट विझतो आणि जरा वेळाने परत येतो. एका दुकानात विचारलं तर म्हणे सगळंच बदला. मग नवीन विमानच घेतो की!

नळस्टॉपचा_पायलट:
ईएससी गेलाय. माझं सेम झालेलं. नवीन टाक, विषय संपला.

काका_बीईसी:
अरे थांबा जरा, लगेच खिशात हात नका घालू. आधी प्रॉपेलर काढ, मग पुढचं बोलू. टेबलावर १० इंची प्रॉप अचानक सुरू झाला तर बोटं शिल्लक राहत नाहीत. लायपो कुठे चेपलीये, फुगलीये का बघ, फुगली असेल तर परत चार्जिंगला लावायचीच नाही. बरी दिसत असेल तरी बॅलन्स प्लगवर (बॅटरीच्या प्रत्येक सेलची वायर येते तो छोटा प्लग) मल्टिमीटर लावून तिन्ही सेल वेगवेगळे मोज, दोन ३.९ व्होल्टला आणि एक ३.२ ला असं दिसलं तर तीही गेली समज. आणि पहिलं चार्जिंग गॅलरीत, वाळू भरलेल्या कुंडीत, समोर बसून.

आता मोटर. ईएससीमध्ये स्पीकर नसतो बाबा, तो बीप मोटरच्याच वाइंडिंगमधून वाजतो. म्हणजे बीप येतोय तर ईएससी जिवंत आहे आणि तीनपैकी निदान दोन वायरी जोडलेल्या आहेत. तिसरी कुठेतरी तुटली की मोटर अशीच थरथरते, कुठल्या बाजूला फिरायचं तेच तिला कळत नाही. ईएससीपासून तिन्ही वायरी सोडव आणि कुठल्याही दोन एकमेकींना टेकवून मोटर हाताने फिरव, जड लागली पाहिजे, मधात चमचा फिरवल्यासारखी. तिन्ही जोड्या करून बघ. दोन जोड्यांत मोकळी फिरली तर त्या दोन्हींत जी वायर कॉमन आहे ती तुटलीये. आणि काहीच न जोडता जड फिरत असेल तर वाइंडिंग आतून शॉर्ट, मग मात्र मोटर बदल. तिन्ही जोड्या सारख्याच जड लागल्या तरच ईएससीवर संशय घ्यायचा.

चिखलसम्राट:
काकांशी सहमत. रिसीव्हरचं दुखणं वेगळं आहे, ते मोटरशी जोडू नका. सगळे सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) काढा, रिसीव्हरला फक्त ईएससीची वायर थ्रॉटलच्या चॅनेलवर ठेवा, लाईट स्थिर राहतो का बघा. राहिला की एकेक सर्व्हो लावत जा. ज्याने लाईट विझेल तो चोर. आत चिखल गेला की सर्व्हो अडकतो किंवा शॉर्ट होतो, भरमसाट करंट ओढतो, बीईसीचे (ईएससीतला रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग) ५ व्होल्ट खाली बसतात आणि रिसीव्हर रीसेट होतो. बिचाऱ्या रिसीव्हरचा काही दोष नसतो.

उडाणटप्पू:
काका पाया पडतो! दोन जोड्या मोकळ्या फिरल्या. कॉमन वायरीचं हीट श्रिंक (जोडावरची प्लास्टिकची नळी) कापलं तर आत बुलेट कनेक्टर (वायरीच्या टोकाची पिन) सोल्डरपासून सुटलेला, बाहेरून अगदी धडधाकट दिसत होता. परत डाग दिला, मोटर मख्खन. आणि एलिव्हेटरचाच सर्व्हो चोर निघाला, उघडला तर आतल्या सर्किटच्या पाटीवर चिखल सुकलेला आणि एका गिअरचे दोन दात गायब. तो फेकला. सेल तिन्ही ३.८ च्या आसपास आहेत, बॅटरी फुगलेली नाही. आता उडवू का?

चिखलसम्राट:
थांबा अजून. पाणी ईएससी आणि रिसीव्हरमध्येही गेलं असणार, आज चालतील आणि महिन्याभराने पाटी हिरवी पडून हवेत दगा देतील. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ आयपीएची (आयसोप्रोपिल अल्कोहोल) बाटली मिळेल, जुन्या टूथब्रशने दोन्ही पाट्या घासा आणि रात्रभर सुकवा.

काका_बीईसी:
आणि रिसीव्हरची अँटेना बघ. तिच्या टोकाला जी ३१ मिलिमीटरच्या आसपास उघडी तार असते तीच खरी अँटेना, ती तुटली असेल तर टेबलावर सगळं झकास चालतं आणि लांब गेल्यावर कंट्रोल जातो. मग मैदानात विमान मित्राच्या हातात दे, रिमोट घेऊन लांब चालत जा, सर्व्हो दचकत नाहीत ना हे त्याला बघायला सांग. फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावर रिसीव्हर काय करतो ती सेटिंग) थ्रॉटल शून्यावर आहे का तेही तपास, प्रॉप न लावता रिमोट बंद करायचा, मोटर थांबली पाहिजे.

नळस्टॉपचा_पायलट:
च्यायला, माझा जुना ईएससी अजून कपाटात आहे. आज रात्री त्या मोटरच्या वायरी बघतो.