सोफ्यामागच्या भिंतीवर १५ तसबिरी नीटनेटक्या मांडायच्या आहेत, सल्ला हवा

चाफेकळी
बाणेरच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलोय. वाईचं घर आवरताना भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी ट्रंकेत भरून आणल्या, त्यात आमच्या इथल्या मिळवल्या आणि आता १५ झाल्यात. आजेसासरे-आजेसासूबाईंचा मोठा काळा-पांढरा फोटो (शिसवी चौकट, भलताच जड), सासऱ्यांचा फोटो, रविवर्म्याची लक्ष्मी, दोन वारली, लेकीची चित्रं, लग्नातले, हर-की-दून ट्रेकचे. एकाचं माप दुसऱ्याला जुळत नाही.

हॉलमध्ये सोफ्यामागची ११ फुटी भिंत कोरी आहे, सोफा ७ फुटी. फोटो लावल्यावर दुकानात तसबिरी मांडल्यात असं वाटायला नको. प्रश्न असे:

१. नवऱ्याचं म्हणणं, सगळ्यांना एकसारख्या काळ्या चौकटी करून टाकू. करावं का?
२. उंची किती ठेवायची?
३. बिल्डिंग मायवानची आहे. खिळा वाकतो, भिंतीला ओरखडाही येत नाही.
४. साबांचा (सासूबाईंचा) आग्रह की गेलेल्या माणसांचे फोटो हयात माणसांच्या मध्ये नकोत. त्यांना न दुखावता काय करता येईल?

बेसनलाडू
शिसवी चौकट काढून तिथे काळं फायबर? नवऱ्याला माझ्यातर्फे एक खडूस लुक दे.

मोजपट्टी
आधी हिशेब. तसबिरींची रुंदी सरासरी ३० सेमी धरली आणि दोघींमध्ये ५ सेमी फट ठेवली, तर सहा तसबिरींची ओळ २०५ सेमी होते. तुमचा सोफा साधारण २१३ सेमी. मांडणी सोफ्याच्या बाहेर गेली की ती भिंतीवरून ओघळल्यासारखी दिसते, त्यामुळे दोन ओळींत १२, त्याच्यावर नाही. उरलेल्या तीन दुसरीकडे. पंधराच्या पंधरा एकाच भिंतीवर कशाला?

मापं जुळत नसतील तर चौकोनी जाळीच्या नादी लागू नका. जाळीला सगळ्या फ्रेमा एकाच मापाच्या लागतात. तुमच्यासाठी मधल्या रेघेची पद्धत चांगली. भिंतीवर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारायची. वरच्या ओळीतल्या सगळ्या तसबिरींच्या खालच्या कडा रेघेच्या २.५ सेमी वर, खालच्या ओळीतल्या सगळ्यांच्या वरच्या कडा रेघेच्या २.५ सेमी खाली. वरची टोकं आणि खालची टोकं उंचसखल राहिली तरी चालतं, मधला पट्टा सरळ असला की डोळा त्यालाच धरतो. दोन ओळींतल्या उभ्या फटी मात्र एकाखाली एक आणायचा हट्ट नको, वीटकामासारखा सांधमोड असू दे.

उंची: मोकळ्या भिंतीवर तसबिरीचा मध्य जमिनीपासून १४५ सेमीवर, म्हणजे ५७ इंचांवर ठेवतात. उभ्या माणसाच्या नजरेचा तो अंदाज. पण सोफ्यामागे हा नियम सोडा. सोफ्याची पाठ ८५ सेमी असेल तर तिच्यावर निदान २० सेमी जागा हवी, नाहीतर पाहुण्यांची डोकी तसबिरीला लागतात, तेलाचे डाग पडतात. खालच्या ओळीतली सर्वांत उंच तसबीर ४० सेमीची धरली तर रेघ १५० वर घ्या. तिचा तळ १०७.५ वर येतो. जमलं.

आता हूक कुठे, इथे सगळे गडबडतात. तसबिरीमागची तार बोटाने वर ताणा आणि वरच्या कडेपासून बोटापर्यंतचं अंतर मोजा. समजा ४ सेमी. वरच्या ओळीतली ४६ सेमी उंच तसबीर: तळ १५२.५, वरची कड १९८.५, त्यातून ४ वजा, हूक १९४.५ वर. प्रत्येकीचं हे 'ताणलेलं अंतर' वेगळं असतं, म्हणून मागे पेन्सिलीने लिहूनच ठेवा.

चाफेकळी
@मोजपट्टी, कमाल! सोफ्याची पाठ खरंच ८४ सेमी निघाली. भिंतीवर कुठली कुठे हे कसं ठरवू? जमिनीवर मांडून बघितल्या, पण लेक दर वेळी तिची चित्रं मध्ये सरकवते.

मोजपट्टी
सरकवू दे, तिचं बरोबर असायची शक्यता आहे. जमिनीवर मांडून फोटो काढा. मग प्रत्येक तसबिरीच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापा, त्यावर नाव आणि हुकाची खूण करा, आणि मास्किंग टेपने भिंतीवर डकवा. दोन-तीन दिवस तसेच राहू द्या. जाता-येता काय खटकतंय ते कळतं. सर्वांत मोठी आणि गडद तसबीर बरोब्बर मध्ये नको, थोडी डावीकडे आणि खालच्या ओळीत. दोन वारली शेजारी-शेजारी नकोत. सगळं पटलं की कागदावरूनच ड्रिल मारा आणि कागद फाडून काढा.

ड्रिलभाऊ
मायवान म्हणजे सगळ्या भिंती काँक्रीटच्या, विटा नाहीतच. साधं ड्रिल नुसतं किंचाळेल. हॅमर ड्रिल लागतं, ६ मिमीचा मेसनरी बिट, वर ६ मिमीची प्लास्टिकची गिट्टी आणि ३५ मिमीचा स्क्रू. स्क्रू पूर्ण आत न्यायचा नाही, डोकं अर्धा सेमी बाहेर. वर जिप्सम प्लास्टर असेल तर ते १०-१२ मिमी भुसभुशीत, गिट्टी त्याच्या पलीकडे काँक्रीटमध्ये गेली पाहिजे. नुसत्या प्लास्टरमध्ये अडकलेली गिट्टी तसबिरीसकट खाली येते. भोक पाडलं की भुकटी फुंकून काढा, डोळे मिटून.

तसबिरीला एक नाही, दोन हूक. एका हुकावर टांगलेली तसबीर दार आपटलं की तिरकी होते. दोन्ही हुकांची पातळी पाणसळीने बघा, फोनमधल्या ॲपवर विसंबू नका. कॅमेऱ्याच्या फुगवट्यामुळे फोन टेकतो वाकडा.

स्विचबोर्डच्या बरोबर वर किंवा खाली भोक पाडायचं नाही, वायरचे पाइप बहुधा उभे गेलेले असतात. भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर आधी बिल्डरकडून पाइपचा नकाशा मागा.

ज्यांच्याकडे सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) विटा आहेत त्यांच्यासाठी: तिथे उलट, हॅमर बंद ठेवून भोक पाडा आणि लांब नायलॉनची गिट्टी घ्या. हॅमर लावलात तर भोकाचं बिळ होतं. गिट्ट्या, हूक, कड्या सगळं पुण्यातल्या बोहरी आळीत स्वस्त.

सातारची_मावशी
अगं, सासूबाईंचं ऐक. वाद घालण्यासारखा मुद्दाच नाही. वर कोणीतरी लिहिलंय ना की तीन तसबिरी उरतात? त्या तीन याच. आजेसासरे-आजेसासूबाई, सासरे आणि आणखी कोणी असतील ते. आमच्याकडे गेलेल्यांचे फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लावतात आणि देवघरात ठेवत नाहीत. त्यांना जेवणाच्या टेबलाजवळची किंवा पॅसेजची भिंत दे. हार घालायचा तर खाली ट्रेक आणि लग्न नकोच, हाराची पाकळी खालच्या काचेवर चिकटून डाग पडतो.

अवांतर: आमच्या वाड्यात फोटो आढ्याजवळ असायचे, वरून दोरीने ओढलेले आणि खाली दोन खिळ्यांवर टेकवलेले, त्यामुळे पुढे झुकायचे. खाली बसलेल्याला तेच नीट दिसायचं आणि काचेवर उजेडही चमकायचा नाही. मागच्या खोबणीत चिमण्या घरटी करायच्या. आजोबांच्या फोटोमागून चिवचिव ऐकू आली की आजी म्हणायची, 'बोलताहेत बरं का.'

बेसनलाडू
मावशी _/\_

कागदकीड
मांडणीआधी तसबिरी उघडून बघा. जुना फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, कागदावरचा जिलेटिनचा थर काचेबरोबर सुटून येतो. दमटपणात हे नेहमी होतं. काचेसकटच स्कॅन करा, ६०० डीपीआय. भिंतीवर त्याची चांगली प्रिंट लावा आणि मूळ फोटो अंधारात, कोरड्या जागी ठेवा. मागे जुना पुठ्ठा असेल तर तो पिवळट आम्लधर्मी असतो, फोटोला डागाळतो. फ्रेमवाल्याला ॲसिड-फ्री माउंट (फोटोभोवतीची जाड कागदाची पट्टी) मागा. माउंटमुळे काच आणि कागद यांत फट राहते, तीच खरी गरज. दिसायला छान हा बोनस.

चौकट कायम ठेवा, काच बदला. १२ बाय १८ इंचाची ४ मिमी काच साधारण १.४ किलो भरते, २ मिमीची त्याच्या निम्मी, २ मिमी ॲक्रिलिक त्याच्याही निम्मं. पण लेकीची खडूची चित्रं असतील तर ॲक्रिलिक नको, त्याला स्थिर वीज येते आणि खडूची भुकटी ओढली जाते.

लक्ष्मीच्या चित्राचा फोटो इथे धाग्यावर टाका ना! रविवर्मा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली जुनी ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापील प्रत) असेल तर खालच्या पट्टीत छापखान्याचं नाव शोधा. भिंगातून रंग बघा: अनियमित दाणे दिसले तर दगडछपाई, एकसारखे टिपक्यांचे गोल दिसले तर नंतरची ऑफसेट. काहींवर साडीला खरी जरी नि टिकल्या चिकटवलेल्या असतात. तशी असेल तर काच अजिबात टेकू देऊ नका.

आणि पावसाळा! पश्चिमेची, बाहेरची भिंत असेल तर तिथे जुनं काहीही लावू नका. आतली भिंत असली तरी प्रत्येक तसबिरीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून फेल्टची बटणं चिकटवा. हवा खेळते, बुरशी येत नाही, भिंतीवर काळी रेघ उमटत नाही.

भाड्याचं_घर
धाग्यात घुसतो. मालक एक भोक पाडू देत नाहीत. चिकटपट्ट्या टिकतात का?

ड्रिलभाऊ
गुळगुळीत प्लास्टिक पेंटवर टिकतात. डिस्टेंपरवर नाही, ते भुकटी सोडतं आणि पट्टी रंग घेऊन खाली येते. ताज्या रंगावर निदान आठवडा थांबा. भिंत स्पिरिटने पुसा, पट्टी लावून तसबीर दाबा, तसबीर काढून पट्ट्या अर्धा मिनिट दाबा, तासभराने परत टांगा. पाकिटावर वजन लिहिलेलं असतं, मी त्याच्या निम्मंच घेतो. काचेची जड तसबीर असेल तर पलंगाच्या डोक्यावर नकोच. त्यापेक्षा बुटक्या कपाटावर तसबिरी भिंतीला टेकवून ठेवा, थोड्या एकमेकींवर चढवून. भोक नाही आणि हवं तेव्हा बदलता येतं.

चाफेकळी
सगळ्यांना धन्यवाद! असं ठरलंय: सोफ्यामागे १२, रेघ १५० वर. काळ्या चौकटी फक्त आमच्या नव्या फोटोंना आणि लेकीच्या चित्रांना, म्हणजे नवऱ्याचाही मान राहिला. वाईचे शिसवी आहेत तसेच. सासरे आणि आजेसासरे-आजेसासूबाई पॅसेजच्या दक्षिण भिंतीवर, त्यांच्याबरोबर एक जागा रिकामी. साबांनी स्वतःच सांगितलं, 'माझ्यासाठी आत्तापासून नको, तिथे वारली लाव.' लक्ष्मीच्या खालच्या पट्टीत अक्षरं आहेत पण वाळवीने अर्धी खाल्लीत. @कागदकीड, फोटो विपूत (तुमच्या विचारपुशीत) पाठवते.

कागदकीड
पाठवा. तोवर ती फ्रेम बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि मागची फळी ठोकून बघा. पोकळ वाजली किंवा माती झडली तर वाळवी अजून आत असू शकते, तशी भिंतीवर चढवू नका.