मदत हवी आहे: प्रॉक्समॉक्स होस्ट गेला, बॅकअप रिस्टोअर करू की जुना पूल जोडू?

मंडळी, अर्जंट आहे. ऑफिसच्या प्रॉक्समॉक्स होस्टची (ज्या मशीनवर आमची व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन्स चालतात) बूट डिस्क गेली, पण व्हीएमच्या डिस्का वेगळ्या झेडएफएस मिररवर (एकच डेटा दोन एसएसडींवर ठेवणारा पूल) आहेत आणि त्या दोन्ही एसएसडी ठणठणीत दिसतायत. नासवर (नेटवर्कवरचं स्टोरेज) व्हीझेडडम्पचे, म्हणजे प्रॉक्समॉक्सच्याच बॅकअप टूलचे, बॅकअप आहेत पण रविवारचे, म्हणजे टॅलीच्या व्हीएममधल्या त्यानंतरच्या सगळ्या एंट्र्या जाणार, आणि अकाउंट्सच्या ताईंना जीएसटीच्या तोंडावर त्या परत मारायला लावणं बरं नाही वाटत. दुसऱ्या मशीनवर नवीन प्रॉक्समॉक्स टाकलंय. आता मिरर तिकडे लावून झेडपूल इम्पोर्ट (जुना पूल नव्या मशीनला जोडणं) फोर्सने केला आणि बॅकअपमधून फक्त १०१ ची (टॅलीच्या व्हीएमचा नंबर) कॉन्फ, म्हणजे सेटिंग्जची, फाइल काढून ठेवली तर व्हीएम जुन्याच डिस्कवर उठेल ना? की आधी रीडओन्ली इम्पोर्ट करून बघू? बॅकअप रिस्टोअर करायचाच झाला तर वेगळ्या नंबरवर करेन, १०१ वर केला तर ताजी डिस्क पुसली जायची. कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.